तात्यांचा झेला

दोन हजार वीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या तात्यांनी जगातली कुठलीही वस्तू हाताने घेतली नाही. दूध, मासळी, रक्तदाबाच्या गोळ्या, आमच्या घरून गेलेला आमटीचा डबा, सगळं त्यांनी झेल्यात घेतलं.

झेला म्हणजे आंबे उतरवायचा. लांब बांबू, टोकाला लोखंडी कडं, कड्याला पातं आणि खाली जाळी. आंबा देठापासून तुटतो आणि अलगद जाळीत पडतो. आमच्याकडे घरटी एक असतोच. तात्यांनी तो मार्चातच पडवीच्या वाशावरून खाली काढला, पातं उचकटून ठेवलं आणि फाटकाच्या आत उभं राहून बांबू रस्त्यावर धरायला सुरुवात केली. माणसाने जाळीत वस्तू टाकायची आणि आपल्या वाटेने जायचं. बोलायचं असेल तर बांबूच्या त्या टोकाला उभं राहून बोलायचं.

पारूबाय कोळीण पहिल्या दिवशी बघतच राहिली. ती गेली कित्येक वर्षं कोळीवाड्यातून आमच्या आळीत मासळी आणते, आणि तोंडाने अशी फटकळ की पापलेटसुद्धा तिला घाबरून ताजं राहत असावं.

"अवो तात्या, मी दर्यावरशी आयलंय, चीनवरशी न्हाय," ती म्हणाली.

"अंतर राखलं की नातं टिकतं, पारू. टाक बांगडे."

हे वाक्य तात्यांनी त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा म्हटलं की आळीतली पोरं ते परवच्यासारखं म्हणायला लागली होती. पारूने बांगडे टाकले. आता बांबू चांगला दहा-बारा हात लांब, त्याच्या टोकाला ओली मासळी आणि दुसऱ्या टोकाला सत्तरी ओलांडलेले तात्या. झेला डुलत डुलत आत येत असताना कुंपणावर बसलेल्या आमच्या मांजरीने त्यातला एक बांगडा उचलला आणि ती निघून गेली. तात्यांनी पुढचे दोन दिवस त्या मांजरीलाही कुंपणाजवळ फिरकू दिलं नाही. ती पारूच्या मासळीला शिवली होती ना.

मास्क बाजारात मिळेनात तेव्हा त्यांनी पोफळीच्या विरीचा केला. विरी म्हणजे झावळीच्या बुंध्याचं ते चामड्यासारखं साल, ज्याच्या आम्ही पत्रावळी करतो. तिला दोन भोकं पाडून सुंभ ओवलं आणि कानाला अडकवलं. मास्क मजबूत झाला यात शंका नाही, पण आत बोललेलं आतच घुमायचं. तात्या "दूध ठेव" म्हणाले तरी रांजणातून कोणीतरी शाप देतंय असं वाटायचं. दूधवाला दोन दिवस घाबरून आलाच नाही.

आणि एकदा त्यांनी बोंबील साबणाच्या पाण्यात धुतले. हात धुवायचे साबणाने, भाजी धुवायची साबणाने, मग बोंबलांनी काय घोडं मारलंय, असा त्यांचा हिशेब. संध्याकाळी कुंपणाशी आले आणि माझ्या बायकोला विचारू लागले, "सुमन, कालवणाला फेस आलाय. वरचा फेस काढून खाल्लं तर चालेल काय?"

सुमनने कपाळावर हात मारला आणि आमच्याकडचं कालवण झेल्यात ठेवलं.

तात्यांना स्वयंपाक येत नव्हता हे उघडच आहे. यायचं कारणही नव्हतं. इतकी वर्षं घरात माई होत्या. मार्चच्या सुरुवातीला त्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, महिन्याभरात परत येते म्हणाल्या आणि तिथेच अडकल्या. गाड्या बंद, एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दी बंद. एवढ्या मोठ्या वाडीत तात्या, नारळ आणि पोफळी, एवढेच उरले.

त्यांच्या घरात फोनला रेंज नाही. ती मिळते विहिरीच्या कठड्याजवळ, आणि विहीर आमच्या कुंपणाला लागून. तात्या फोन स्पीकरवर लावायचे, त्यामुळे नवराबायकोचं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात जसंच्या तसं ऐकू यायचं. कान झाकून घेण्याइतके आम्ही सभ्य नव्हतो.

"हात धुतलेस?" ही तात्यांची सुरुवात.

"अहो, बाळंतिणीचं घर आहे. दिवसभर हात पाण्यातच असतात माझे."

"साबणाने?"

"नाही, ताकाने," माई म्हणायच्या. "जेवलात का?"

"जेवलो. बरं, ती हिंगाची डबी कुठे ठेवलीस?"

"काल सांगितली ना."

"पुन्हा सांग."

मग माई पुन्हा सांगायच्या. मधली फळी, मिठाच्या बरणीमागे, पितळी झाकणाची. तात्या मधेमधे "बरं" म्हणत सगळं ऐकून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिंग. मी एकदा हसलो आणि सुमनला म्हणालो, म्हाताऱ्याला विसरायला व्हायला लागलंय. ती म्हणाली, "डबी तिथे कठड्यावर त्यांच्या नाकासमोरच असते. मला इथून खिडकीतून दिसते. तुम्हा पुरुषांना काही म्हणजे काही कळत नाही."

एप्रिलात आमच्या गावाने वेशीवर बांबू आडवा घातला. मुरुडहून येणारा रस्ता तिथे बंद. दक्षता समिती बसली तेव्हा सरपंच मंगेश, जो तात्यांच्या विहिरीत पोहायला शिकला, त्यांचाच सल्ला घ्यायला आला. तात्यांनी पडवीत बसून, विरीचा मास्क खाली ओढून, नियम सांगितला. बाहेरून कोणीही आला, तो सरपंचाचा बाप असला तरी, चौदा दिवस शाळेत राहील. शाळेच्या इमारतीत दुसऱ्या कोणी पाय ठेवायचा नाही. आत जाईल तो एक तर बाहेरून आलेला, नाही तर त्याला शिवलेला.

पहिला सापडला पारूबायचा नरेश. तो उरणला कंटेनरच्या गाडीवर ड्रायव्हर. काम थांबलं तसा मिळेल त्या वाहनाने आणि बराचसा पायी गावात आला आणि वेशीवरून थेट शाळेत गेला. पारूने तात्यांच्या फाटकाशी येऊन आळी डोक्यावर घेतली.

"मना जावं द्या त्याच्यासंगती. पोर एकटा हाय तिकडं. शाळंत भुतं हान का मानसा हान, कोन बघतंय?"

"तू बाहेरून आलीस काय? त्याला शिवलीस काय?"

"न्हाय."

"मग नाही जाता येणार, पारू."

पारू तात्यांना जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. तात्यांनी ते बांबूच्या या टोकाला उभं राहून शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज शहाळी उतरवून शाळेच्या कुंपणावरून झेल्याने नरेशला पोचवायला लागले. नरेश बाहेर आला तो चांगला गुटगुटीत होऊन. पारूने मासळी पुन्हा सुरू केली, पण बोलणं बंदच ठेवलं.

मे महिन्यात पुण्याहून फोन आला. जावयाने खटपट करून पास काढला होता. माई शनिवारी येणार होत्या.

तात्यांनी घर असं धुतलं की विचारू नका. उंबरा धुतला, तुळशीवृंदावन धुतलं, विहिरीचा कठडासुद्धा घासला. माईंच्या साड्या उन्हात घातल्या. आम्ही सगळे कुंपणावरून बघत होतो आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, तो कोणी विचारत नव्हतं. माई बाहेरून येत होत्या. म्हणजे त्या घरी जाणार नव्हत्या, शाळेत जाणार होत्या. शाळा तेव्हा रिकामी होती. माईंना मधुमेह, गुडघे दुखतात, आणि शाळेचा संडास पार मैदानाच्या टोकाला. रात्री तिथे त्या एकट्या राहणार होत्या.

शुक्रवारी मंगेश आला. फाटकाबाहेर उभा राहून म्हणाला, "तात्या, माईंना घरीच राहू द्या. मागच्या खोलीत. गाव काय बोलणार नाय."

"नरेशला कुठे ठेवला होतास?"

"तो तरणा होता, तात्या."

"त्याची आई म्हातारी आहे. ती रोज इथून जाते." एवढंच बोलून तात्या आत गेले. संध्याकाळी विहिरीवर आले नाहीत. हिंगाचं विचारलं नाही. आमच्याकडून गेलेला डबा फाटकावर तसाच राहिला. सुमन म्हणाली, उद्या माईंना शाळेत सोडून हा माणूस घरी येऊन काय करील, मला बघवणार नाही.

शनिवारी दुपारी वेशीवर अर्धं गाव जमलं होतं, म्हणजे एकमेकांपासून लांब लांब उभं होतं. पारूबायही होती, टोपलीवर बसून. गाडी बांबूपलीकडे थांबली. माई उतरल्या. वाळल्या होत्या. हातात पिशवी, आणि तोंडावर नातीच्या लंगोटाच्या कापडातून शिवलेला मास्क, बदकांच्या नक्षीचा. गाडी लगेच वळून गेली. पास तेवढ्या वेळापुरताच होता.

तात्या झेला घेऊन उभे होते. माईंनी त्यांच्याकडे पाहिलं, झेल्याकडे पाहिलं, मग त्या विरीकडे.

"हे काय हो तोंडाला बांधलंय? पत्रावळ?"

गावात खसखस पिकली. तात्या हसले नाहीत. त्यांनी झेला पुढे केला, पिशवीसाठी. माईंनी पिशवी जाळीत ठेवली. ती जड होती. डिंकाचे उरलेले लाडू, मेतकूट, हिंगाची नवी डबी, असलं काहीबाही त्यांनी पुण्याहून आणलं होतं. बांबू वाकला आणि पिशवी रस्त्यावर पडली. माई खाली वाकायला गेल्या, गुडघा धरून तशाच अर्ध्यात थांबल्या.

"माईंना घरी नेवा, तात्या," मागून पारूबाय म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलत होती. "माजं काय न्हाय. घरी नेवा."

तात्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग त्यांनी बांबू रस्त्याकडेला ठेवला, वेशीच्या बांबूखालून वाकून पलीकडे गेले, तोंडावरची विरी काढून खिशात घातली आणि माईंचा हात धरून त्यांना सरळ उभं केलं. पिशवी उचलली. हात मात्र सोडला नाही.

"मंगेश," ते म्हणाले, "मी शिवलो हिला. सगळ्यांनी बघितलंय. आता मलाही आत टाकायला लागेल."

मंगेशने मान फिरवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि सरपंचाने असं दिसणं बरं नव्हे. पारूबाय कपाळाला हात लावून बसली आणि म्हणाली, "ह्यो म्हातारा याडा हाय." ते दोघं शाळेच्या वाटेला लागले. गाव आपापल्या अंतरावरून मागे चाललं होतं. एखाद्या वरातीत असतं तसं.

डबा न्यायचं काम माझ्याकडे आलं. दुसरीच्या वर्गात त्यांनी बाकं भिंतीला लावून चटया अंथरल्या होत्या. खिडकी बाहेरून उघडायची, डबा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचा, लांब उभं राहायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा माई झोपल्या होत्या. तात्या बाजूला बसून वहीच्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होते. वीज गेली होती.

मी हळू आवाजात म्हटलं, "तात्या, एवढे घाबरत होता तुम्ही. दोन महिने कोणाला फाटकाला हात लावू दिला नाहीत. आणि आता?"

"मरायला कोण घाबरतंय, वसंता," तात्या म्हणाले. पुठ्ठा थांबला नाही. "मला हा रोग झाला असता तर मला अलिबागच्या इस्पितळात नेऊन टाकलं असतं. आणि नेमकी त्याच वेळी ही आली असती म्हणजे? दारात उभी राहून हाका मारत बसली असती. घरात कोणी नाही. तेवढं नको होतं मला."

मी रिकामा डबा उचलला आणि निघालो. शाळेच्या फाटकाशी पोचलो तोच मागून त्यांनी हाक मारली, माईंना जाग येणार नाही इतपत.

"सुमनला सांग, उद्यापासून भात थोडा जास्त घाल. ही आल्यापासून मला भूक लागते."