हा बोल्ट आवळणार कोण?

अचूकरावांनी पडद्यावर शेवटचा बोल्ट काढला, माउस बाजूला सारला आणि आता चहा घ्यावा म्हणून ते उठणार, तोच त्या बोल्टाशेजारी एक पिवळी चौकट उमटली. चौकटीत लिहिलं होतं : 'हा बोल्ट आवळणार कोण?'

अचूकराव परत बसले. पंचवीस वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. निदान त्यांना तसं वाटत होतं. कारखान्यात त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतंच उरलं होतं. साहेबांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे त्यांना अचूकराव म्हणत, कारण त्यांचं ड्रॉइंग वर्कशॉपमधून चूक म्हणून कधी परत आलं नाही, अशी ख्याती होती. आणि ही ख्याती पसरवण्याचं काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नव्हतं.

पिवळी चौकट ही नव्या सहायकाची करामत. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन आठवड्यांपूर्वी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक सहायक बसवला होता. तो बसवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्या बाईंनी सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, "गोदामातली तुमची जुनी ड्रॉइंग्ज स्कॅन करून आम्ही त्याला खायला घातलीत. तुमच्याच कामावर तो शिकलाय. कुणी चुकलं की टोकेल."

"मग माझ्याशी त्याची गाठ पडायची नाही," अचूकराव म्हणाले होते. लोक हसले. अचूकराव हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केला नव्हता.

त्यात दिवस नाजूक होते. डिझाइन विभागाचे प्रमुख निवृत्त झाले होते आणि त्यांची काचेची खोली रिकामी पडली होती. साहेबांनी अचूकरावांना बोलावून सांगितलं होतं, "बाटल्यांना झाकणं लावायचं हे यंत्र तुमच्याकडे. शुक्रवारी नमुना एका दमात जुळला, की ती खुर्ची तुमची." त्या दिवसापासून अचूकराव काचेच्या खोलीवरून मुद्दाम वळसा घालून जात. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या खुर्चीत बसून, उंची जुळते का, तेही बघून झालं होतं.

त्यांनी चौकट पुसली. ती गेली. चहा घेऊन आले, तर ती पुन्हा त्याच जागी हजर.

त्या संध्याकाळी घरी वेगळंच नाटक चाललं होतं. ओट्याखालचा खण अचूकरावांनी स्वतः आखून करवून घेतला होता. तो अर्धा उघडला की फ्रिजच्या मुठीला अडे. बायको मनगट वाकडं करून आतून चमचा काढत होती. काढता काढता म्हणाली, "हा खण आखताना एकदा तरी हात घालून बघितलंत का?"

अचूकरावांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण घरातल्या बोलण्याची जी गत होते तीच झाली. एका कानानं आलं, दुसऱ्यानं गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. एसीची तेवढी घरघर. अचूकरावांचे दोन्ही हात डब्यावर होते, माउसला कुणी शिवलेलं नव्हतं, आणि पडद्यावरचं यंत्र आपोआप वळायला लागलं. सावकाश वळत ते मागची बाजू दाखवून थांबलं. मोटरच्या झाकणावर पिवळी चौकट उघडली.

'हात घालून बघितलंत का?'

त्यांनी घास परत डब्यात ठेवला. अचूकरावांनी मागे वळून पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांशिवाय तिथे कुणीही नव्हतं.

"तू माझ्या ऑफिसातल्या कुणाशी बोलतेस का गं?" त्यांनी घरी जाऊन पहिला प्रश्न हा विचारला.

"मी कुणाशी बोलू? तुम्ही तरी कुठे बोलता माझ्याशी?" बायको म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली.

आता अचूकराव हे हिशोबी डोक्याचे गृहस्थ. भूत वगैरे त्यांना मान्य नव्हतं, पण यंत्र चोरून ऐकतं हे मान्य होतं. त्यांनी ऑफिसातल्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. घरी आल्यावर मोबाइल पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. थोड्या वेळानं बायकोनं त्यांना शोधायला फोन केला तेव्हा पिठाचा डबा वाजायला लागला. तिनं डबा उघडला, फोन झटकला आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं अचूकरावांना फार लागलं.

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. बोलणंच बंद. न बोललेलं ऐकणार कोण? पूर्ण रविवार ते मुक्यानं वावरले. संध्याकाळी बायको म्हणाली, "गप्प का एवढे? काय ते सांगा तरी."

सोमवारी सकाळी त्यांनी ड्रॉइंग उघडलं. एका पट्टीची रुंदी लिहायची राहून गेली होती. तिथे चौकट वाट बघत बसली होती : 'इथे गप्प का? माप सांगा.'

अचूकरावांनी ड्रॉइंग उघडंच टाकलं. ते तडक सॉफ्टवेअरवाल्या बाईंकडे गेले.

"हा ऐकतो!"

"तो ऐकत नाही हो. त्याला कानच नाहीत."

"मग माझ्या बायकोचं बोलणं त्याला कुठून कळतं?"

बाईंनी त्यांच्याकडे, ताप किती आहे ते बघावं तसं बघितलं. "शेवटची सुट्टी कधी घेतली होतीत तुम्ही?"

"बंद करा त्याला!"

"बंद नाही होत. सूचना पटली तर मान्य करा, नाही पटली तर नामंजूर करून कारण लिहा."

अचूकराव जागेवर येऊन बसले. ड्रॉइंग त्याच दिवशी वर्कशॉपला जायला हवं होतं. त्यांनी पहिल्या चौकटीत कारण लिहिलं : 'मी पंचवीस वर्षं हे काम करतोय.'

उत्तर आलं : 'तरीही.'

एवढीशी पिवळी चौकट, पण कपाळावर घाम फुटला. एकूण सूचना एकसष्ट होत्या. एकेक वाचण्याची हिंमत उरली नव्हती, आणि वाचल्या तर त्यांतली एखादी बरोबर निघायची ही त्याहून मोठी भीती. डोळे अर्धवट मिटून त्यांनी सगळ्या एकदम निवडल्या आणि एकाच फटक्यात नामंजूर केल्या. पडदा स्वच्छ झाला. मग अगदी खाली, कोपऱ्यात, एक छोटी चौकट उघडली.

'बरं. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही म्हणून.'

हे वाक्य अचूकरावांनी सोफा घेताना ऐकलं होतं, गॅलरीला पत्रा टाकताना ऐकलं होतं, मेव्हण्याच्या ओळखीचा रंगारी बोलावताना ऐकलं होतं. त्यांनी ड्रॉइंग वर्कशॉपला धाडलं आणि कॉम्प्युटरची वायरच उपटली.

शुक्रवारी सकाळी वर्कशॉपमध्ये पातळ पत्र्याचा नमुना उभा होता. साहेब आले होते, सॉफ्टवेअरवाल्या बाई आल्या होत्या. फोरमन यंत्राच्या पोटात वाकून बराच वेळ खटपट करत होता. शेवटी कंबर सरळ करून म्हणाला, "अचूकराव, या बोल्टापर्यंत पाना पोचत नाही."

"पाना पोचतो," अचूकराव म्हणाले. "हात कसा घालायचा ते कळावं लागतं."

साहेब बघत होते. अचूकरावांनी बाही सारली, मुठीत पाना धरला आणि हात पत्र्याच्या फटीतून आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. आत खट्ट आवाज झाला. "बसला!" ते विजयानं ओरडले. मग त्यांनी पाना थोडा फिरवला, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. पाना पुढे जाईना. हात मागे येईना.

"ओढा," साहेब म्हणाले.

"ओढतोय."

फोरमननं खांद्याला धरून ओढलं. अचूकरावांनी जो सूर लावला तो ऐकून पलीकडचं लेथ मशीन थांबलं.

सॉफ्टवेअरवाल्या बाईंनी शेजारच्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग उघडलं आणि नामंजूर सूचना चाळल्या. "ही बघा, चौदावी. 'पाना घेऊन हात आत जाईल. पाना सोडल्याशिवाय बाहेर येणार नाही.'"

"हे त्याला आधीच कसं कळलं?" साहेबांनी विचारलं.

"कुठून शिकला ते दाखवतो तो." बाईंनी एक बटण दाबलं. पडद्यावर पिवळा पडलेला एक जुना कागद आला. त्यावर कुठल्याशा जुन्या यंत्राची आकृती, खाली अचूकरावांची सही. बाण समासाकडे बोट दाखवत होता. समास कोरा होता.

"इथे तर काहीच नाही," साहेब म्हणाले.

बाईंनाही ते नवीन होतं. त्यांनी दुसरा कागद उघडला. कोरा समास. तिसरा. कोरा समास. फोरमननं नकळत एक पाऊल मागे घेतलं. बाईंनी चित्र गडद केलं, आणखी गडद केलं, आणि त्या कोऱ्या जागेतून हळूहळू अक्षरं वर यायला लागली. बारीक, गोल, डावीकडे कललेली अक्षरं. 'हात घालून बघितलंत का?' त्याखाली, 'हा बोल्ट आवळणार कोण?'

"पेन्सिलनं लिहून खोडलेलं आहे," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "खोडरबरानं शिसं जातं, कागदावरचा दाब राहतो. आमच्या स्कॅनरनं तो दाबही वाचला. असे शेकडो कागद आहेत."

"अक्षर कुणाचं?"

सगळ्यांनी अचूकरावांकडे पाहिलं. इतर वेळी ते कामाचं निमित्त काढून सटकले असते. आज ती सोय नव्हती.

अक्षर त्यांनी पाहताक्षणी ओळखलं होतं. त्यांची बायको लग्नाआधी याच कारखान्यात ड्रॉइंग तपासनीस होती. लग्न ठरलं तेव्हा दोघांनी एका ऑफिसात नको, एकानं थांबावं असं ठरलं. म्हणजे तिनं थांबावं असं ठरलं. पण ड्रॉइंगची गुंडाळी ते रोज घरी नेत. स्वयंपाक आटोपला की ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरायची, समासात लिहायची. सकाळी ऑफिसला निघण्याआधी ते चुका दुरुस्त करत आणि समास खोडत. स्वच्छ खोडत. इतकी वर्षं इतकं स्वच्छ खोडलं, की शेवटी त्यांच्या स्वतःच्या डोक्यातूनही ते पुसलं गेलं. कॉम्प्युटर आले, गुंडाळ्या संपल्या, आणि तिला विचारणंही संपलं.

"माझ्या बायकोचं आहे," अचूकराव म्हणाले. त्यांना लाज वाटली, आणि ती हाताच्या कळेपेक्षा जास्त होती. "चुका माझ्या असायच्या. अचूक ती होती."

"पण कॉम्प्युटर आल्यावरही तुमचं ड्रॉइंग कधी परत आलं नाही," साहेब गोंधळून म्हणाले.

फोरमन खाकरला. "ते मीच भोकं मोठी करून जुळवून घेतो, साहेब. यांच्याशी वाद कोण घालणार!"

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि अचूकरावांच्या खिशातून मोबाइल काढला. त्यावर अजून पीठ होतं. त्यावरून बायकोला फोन लावून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"अगं, माझा हात यंत्रात अडकलाय," अचूकराव केविलवाण्या आवाजात म्हणाले.

"लागलं का?"

"नाही. निघत नाहीये."

"मुठीत पाना आहे ना?"

फोरमननं डोळे विस्फारले. पडद्यावरची चौदावी सूचना तशीच उघडी होती.

"आहे."

"पाना सोडल्याशिवाय बाहेर येणार नाही. सोडा."

"सगळ्यांसमोर आत पडेल गं."

"पडू दे."

पाना यंत्राच्या पोटात ठणठणत पडला. हात अलगद बाहेर आला.

साहेबांनी फोन स्वतःकडे घेतला. "वहिनी, हे पूर्ण यंत्र नव्यानं तपासायचंय. त्या सहायकावरही कुणाची तरी नजर हवी. सोमवारपासून याल का? बसायला काचेची खोली रिकामीच आहे."

अचूकरावांनी काचेच्या खोलीचं नाव ऐकलं. आश्चर्य म्हणजे त्यांना खुर्चीचं काही वाटलं नाही. पलीकडून आवाज येत नव्हता, आणि ती आता नाही म्हणते की काय, याच धास्तीनं ते मनगट चोळत उभे होते.

"येईन की," बायको म्हणाली. "फक्त एक आहे. या वेळी मी पेननं लिहीन."