बापूकाका आणि विलायतेचं जेवण

चहा आला की आमचे शेजारी बापूकाका आधी माझ्या तोंडाकडे बघत. मी एक घोट घेऊन धडधाकट दिसलो, की मग आपला कप उचलत. पालघरातल्या एकाही दूधवाल्यावर, हलवायावर, फार काय, घरच्या स्वयंपाकावरही त्यांचा विश्वास नव्हता. साध्या वरणाचा वास घेऊन म्हणायचे, “ह्यात काहीतरी आहे!”

“आहे ना, डाळ आहे,” काकू म्हणायच्या.

अशा माणसाचा मुलगा, शरद, विलायतेला शिकायला गेला. साठ सालानंतरची गोष्ट. निघताना बापूकाकांनी त्याला देवापुढे शपथ घातली, मासळी-मटणाला शिवायचं नाही. पत्रात शरद लिहायचा, जेवणाचं छान चाललंय.

“छान?” काका डोळे बारीक करायचे. “पोरगं बाटलं. नक्की!”

शेवटी छडा लावायला ते मला घेऊन बोईसरला उतरले. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर आलेल्या एका गोऱ्या साहेबाकडे आमच्या ओळखीचा पांडू कोळी स्वयंपाकी होता.

“मांस सोडून तुझा साहेब काय खातो, ते दाखव.”

पांडूने उकडलेले बटाटे, उकडलेला कोबी आणि पाव पुढे ठेवला. काकांनी बटाटा उलटासुलटा करून पाहिला, हुंगला.

“ह्यात काय घातलंयस?”

“काय पन नाय, काका. मीठबी वरून घेतात.”

परक्या घरी पाणी न पिणाऱ्या त्या माणसाने बटाटा तोंडात टाकला. काका चावत राहिले. घास उतरेना.

“मांस न खाणाऱ्याला रोज हेच?”

“हाच. दुसरा काय हाय?”

“आणि थंडीत?”

“थंडीत गरम करून.”

काकांनी ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, “पांडू, मासा ताजा आहे हे कसं रे ओळखायचं?”

“डोला चकचकीत पायजे. गालफडा लाल.”

परतीच्या गाडीत ते एवढंच बोलले, “शपथ मी घातली, मीच सोडवतो. उद्याच लिहितो त्याला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मासळीबाजारात गेलो, तर एका कोळणीच्या पाटीपुढे बापूकाका उकिडवे! नाक दाबून एका पापलेटाच्या डोळ्यात टक लावून बघत होते.

“घेता का, काका?” कोळणीने विचारलं.

“मला नको, बाई. परदेशात पोराला कळवायचंय. जरा गालफड उघडून दाखव. तो पांडू खरं बोलला की नाही, कोण जाणे.”