रानभूषण तुकोजी भेकराचं कोरडं तोंड

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. हातातले मोबाइल पालथे ठेवा. आजची गोष्ट एका जंगलातली आहे. कोणत्या जंगलातली, ते विचारू नका. तिथल्या प्राण्यांना आपलं नाव छापून आलं की राग येतो, आणि नाही आलं की जास्त राग येतो.

त्या जंगलात तुकोजी नावाचा भेकर राहत होता. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. दिसायला गरीब, पण भुंकतं कुत्र्यासारखं. तुकोजीचं कामच ते होतं. टेकडीवरच्या सागाखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं, आणि जयसिंग बिबट्या दिसला की भुंकायचं.

"भॉक!"

आवाज तीन ओढ्यांपलीकडे जायचा. ससे बिळात शिरायचे. मोर झाडावर चढायचे. जयसिंग ओशाळा होऊन ओढ्यात जायचा आणि खेकडे खायचा. बिबट्याने खेकडे खाणं शोभत नाही, पण उपाशी पोटी शोभेचं कोण बघतं?

अशी बारा वर्षं गेली. जंगलाने तुकोजीला 'रानभूषण' किताब दिला. पळसाच्या पानांची शाल दिली. बाळांनो, इथून सगळं बिघडलं.

तोवर तुकोजीला तहान लागली की तो सरळ ओढ्यावर जायचा आणि पाणी प्यायचा. आता तो विचार करू लागला. पाणी प्यायलं की थोड्या वेळाने करवंदीच्या जाळीमागे जावं लागतं. रानभूषण दिवसातून पाच वेळा जाळीमागे जाताना दिसला, तर लोक काय म्हणतील? म्हणून त्याने पाणी तोडलं. उजाडता एक घोट, मावळता एक घोट.

त्याऐवजी तो चहा पिऊ लागला. टेकडीच्या वळणावर मुंगसाची टपरी होती. तिथून दिवसाला सात कप कडक काळा चहा वर यायचा. चहानंतर तोंडाला चव हवी, म्हणून गालात सुपारी.

शिवाय भाषणं. कुठे नव्या वारुळाचं उद्घाटन, कुठे सुगरणींच्या घरट्यांची वास्तुशांत. तुकोजी दोन-दोन तास बोलायचा. विषय नेहमी एकच असायचा, 'मौनाचं महत्त्व'.

श्रावणात त्याला सर्दी झाली. नाक वाहणारा रानभूषण बरा दिसत नाही. तो वानप्रस्थे वैद्यांकडे गेला. वैद्यबुवा जातीने वानर. त्यांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत नाक वाहायचं थांबलं. तुकोजीला गोळी फार आवडली. त्याने ती चालूच ठेवली. तरी रात्री नाक चोंदायचंच. मग तो तोंड उघडं टाकून घोरायचा.

"अहो, तोंड मिटून झोपत जा," त्याची बायको रखमा म्हणायची. "सकाळी तुमची जीभ वाळत घातलेल्या पापडासारखी होते. आणि वास येतो तो वेगळाच."

"तुला किताब मिळालाय का?" तुकोजी विचारायचा.

रखमाला किताब मिळालेला नव्हता.

मग एका सकाळी, ऊन चांगलं वर आलेलं असताना, जयसिंग गवतातून आला. सगळ्यांच्या आधी तुकोजीने त्याला पाहिलं. त्याने छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

"फस्स."

जीभ टाळूला चिकटली होती. ओठ दातांना चिकटले होते. त्याने पुन्हा जोर लावला.

"फुस्स."

खाली नारोबा ससा गवत खात होता. त्याला वाटलं, तुकोजीला शिंक आली. तो भला ससा. त्याने मान वर करून म्हटलं, "शतायुषी व्हा, तुकोजीदादा!"

तेवढ्यात जयसिंगने झेप घेतली.

घाबरू नका, नारोबा वाचला. पण शेपूट अर्धं गेलं. सशाचं शेपूट मुळातच केवढंसं असतं, त्याचंही अर्धं. दुपारी नारोबा पट्टी बांधून टेकडीवर आला. तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "दादा, तुम्ही जयसिंगला बघितलं होतंत ना?"

बारा वर्षांत पहिल्यांदा तुकोजीला आपल्याच टेकडीची भीती वाटली.

जंगलात सभा भरली. समिती नेमली गेली. समितीने टेकडीला तीनदा भेट दिली, मुंगसाकडे नाश्ता केला आणि अहवाल सादर केला. अहवालात लिहिलं होतं, 'तुकोजी यांचं तोंड कोरडं पडण्यामागे तोंडात ओलावा नसणं हे प्रमुख कारण आढळून आलं आहे.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारण सापडलं होतं.

उपायासाठी तुकोजीला साळिंदर तज्ज्ञांकडे पाठवण्यात आलं. ते फार मोठे तज्ज्ञ. अंगावर जेवढे काटे, तेवढ्या पदव्या. त्यांनी तुकोजीच्या तोंडात पाहिलं नाही. तोंडात तर कोणीही पाहतं. त्यांनी त्याचे खूर तपासले, कान ठोकून पाहिले आणि मान हलवली.

"जटिल आहे," ते म्हणाले.

"काय आहे?" तुकोजीने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"शुष्कमुखविकार."

तुकोजीचे डोळे भरून आले. एवढं मोठं नाव त्याच्या घराण्यात कोणाच्याच रोगाला मिळालं नव्हतं.

साळिंदरांनी काळजी कमी व्हायला निळी गोळी दिली. निळ्या गोळीने तोंड आणखी सुकलं. सुकलेल्या तोंडाने झोप येईना, म्हणून झोपेची पांढरी गोळी दिली. पांढऱ्या गोळीने सकाळी सुस्ती येऊ लागली. सुस्ती जावी म्हणून तुकोजीने चहाचे दोन कप वाढवले. आता त्याला भाकरीचा तुकडा गिळता येईना. भेकर भाकरी कुठून खातो, असं विचारू नका. गोष्ट आहे ही.

तेवढ्या दिवसांत जयसिंग दोनदा आला. एकदा मोराची पिसं गेली, एकदा रानडुकराचा कान. जयसिंग गुटगुटीत दिसू लागला. ओढ्यातल्या खेकड्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

शेवटी एका सकाळी रखमा दारात आडवी उभी राहिली.

"आज माझ्याबरोबर तळ्यावर चला."

"तिथे कोण तज्ज्ञ आहे?"

"ठकूबाई आहे."

ठकूबाई म्हणजे पाणकोंबडी. तळ्याच्या काठाला तिचा संसार, पायात घुटमळणारी सात पिल्लं. शिक्षण काही नाही. पण आयुष्य पाण्यात गेलेलं. तुकोजी कुरकुरत गेला.

ठकूबाईने पिल्लांना पाणवनस्पतीत ढकललं आणि त्याला म्हटलं, "आ कर."

तुकोजीने आ केला.

"अरे देवा! ही जीभ आहे का उन्हाळ्यातली वाट? दिवसाला पाणी किती पितोस?"

"दोन घोट."

"दोन घोट पाणी पिऊन दिवसभर टेकडीवर उन्हात उभा राहतोस? आणि चहा?"

"नऊ कप."

"गालात काय आहे?"

"सुपारी."

"थुंक आधी. हां, पाण्यात नको, पलीकडे! माझी पिल्लं आहेत तिथे. आता सांग, सारखी तहान लागते का? पाणी न पिताही सारखं जाळीमागे जावं लागतं का? तिथे मुंग्या लागतात का?"

तुकोजी लाजला. रखमा म्हणाली, "नाही हो, मुंग्या नाहीत. मी बघितलंय."

"बरं झालं. तसं असतं तर रक्तातली साखर आधी तपासून घ्यायला सांगितलं असतं. गोळ्या किती घेतोस?"

"पिवळी, निळी आणि पांढरी."

"तोंड कधीपासून सुकतंय?"

तुकोजी आठवू लागला. रखमाने बोटं, म्हणजे खूर मोजले. "पिवळी सुरू झाली तेव्हापासून वाढलं," ती हळूच म्हणाली.

ठकूबाईने पंख झटकले. "मग ऐक. पाणी जवळ ठेव आणि दिवसभर घोट घोट पी. एकदम तांब्याभर ढोसू नकोस. चहा एक-दोन कपांवर आण. सुपारी कायमची बंद. भाषणं जरा कमी कर, जंगलालाही विश्रांती मिळेल. जेवणानंतर बडीशेप चाव, चावलं की लाळ सुटते. आवळ्याची एखादी फोडही चालेल, पण दिवसभर चघळू नकोस, दात आंबतील. लाळ कमी असली की दात लवकर किडतात, ते घासत जा. नाक मोकळं करून घे आणि नाकाने श्वास घे. आणि त्या गोळ्या घेऊन ज्यांनी दिल्या त्यांच्याकडे जा. आपल्या मनाने बंद करू नकोस. त्यांना विचार, यातलं काय अजून लागतं आणि काय तोंड सुकवतं."

तुकोजी वाट पाहत उभा राहिला.

"झालं," ठकूबाई म्हणाली.

"आणि औषध?"

"हेच."

"पण या रोगाला तुम्ही काय म्हणता?"

"तोंड कोरडं पडलंय."

"मोठं नाव?"

"मी काय त्याचं बारसं करत बसू? मला सात पिल्लांची नावं लक्षात राहत नाहीत!"

तुकोजी फार नाराज झाला. वाटेत तो रखमाला म्हणाला, "हिला काही कळत नाही. हे तर कोणीही सांगेल."

"कोणी सांगितलं का मग?" रखमाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याने भरलेला बांबूचा नळा घेऊन टेकडीवर गेली आणि तिथेच बसली. तासातासाला म्हणायची, "घ्या घोट." तो नाही म्हणाला की ती म्हणायची, "नारोबाला बोलावू का?" तो मुकाट्याने घोट घ्यायचा. पहिल्या दिवशी सहा वेळा जाळीमागे गेला. सगळ्या जंगलाने पाहिलं. कोणी काही म्हटलं नाही. प्रत्येक जण स्वतःच्या जाळीच्या घाईत होता.

मग तो वानप्रस्थे वैद्यांकडे पिवळी गोळी घेऊन गेला. वैद्यबुवा फांदीवरून पडता पडता राहिले.

"तुम्ही ही अजून घेताय? अहो, ती पाच दिवसांची होती!"

"तुम्ही थांबा म्हणाला नव्हतात."

"तुम्ही परत आला नव्हतात!"

मग वैद्यबुवांनी पिवळी बंद केली. नाक मोकळं करायला मिठाच्या कोमट पाण्याने धुवायला सांगितलं. निळी आणि पांढरी हळूहळू कशी कमी करायची, ते साळिंदरांना विचारून लिहून दिलं. साळिंदर नाखूश होते, पण त्यांनाही पांढरी कशासाठी दिली होती ते नेमकं आठवेना.

पंधरा दिवसांनी तुकोजीला सकाळी उठल्यावर तोंडात काहीतरी विचित्र जाणवलं. तो घाबरला.

"रखमा, तोंडात पाणी आलंय!"

"लाळ आहे ती," रखमा म्हणाली. आणि पदर नसतानाही तिने डोळ्यांना पदर लावला.

त्याच आठवड्यात जयसिंग आला. आता तो निर्धास्त येत असे, वाटेत फुलं हुंगत. नारोबा गवतात होता. तुकोजीने बिबट्याला पाहिलं. त्याने बांबूतून एक घोट घेतला आणि तोंड उघडलं.

"भॉक!"

तीन ओढे दणाणले. नारोबा असा पळाला की त्याची सावली मागे राहिली. मोर वर गेले. रानडुकरं एकमेकांवर आदळली. जयसिंग हातात फूल घेऊन मोकळ्या गवतात एकटाच उभा राहिला. त्याने ते फूल खाल्लं आणि परत गेला.

जंगलाने तुकोजीचा पुन्हा सत्कार केला. या वेळी मंडप मोठा होता. व्यासपीठावर साळिंदर, समितीचे अध्यक्ष आणि मधोमध तुकोजी. ठकूबाई सगळ्यात मागे, पिल्लांना सांभाळत उभी. अध्यक्षांनी समितीच्या अहवालाचं वाचन केलं. साळिंदरांनी शुष्कमुखविकारावर दीड तास व्याख्यान दिलं. मग म्हणाले, "आता रानभूषण सांगतील, ते कशाने बरे झाले."

तुकोजी उठला. समोर सगळं जंगल होतं. खरं सांगावं, तर 'पाणी प्यायलो' एवढंच. त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "आदरणीय साळिंदर साहेबांच्या निळ्या गोळीने..."

आणि त्याचं तोंड कोरडं पडलं. जीभ टाळूला चिकटली. रखमा खाली मान घालून बसली.

"घाबरल्यावर पण सुकतं रे तोंड!" मागून ठकूबाई ओरडली. "घोट घे!"

तुकोजीने घोट घेतला. त्याने मागे उभ्या ठकूबाईकडे पाहिलं. मग त्याने सगळं सांगून टाकलं. नऊ कप चहा, सुपारी, पाच दिवसांची गोळी चार महिने, जाळीमागे जायची लाज. नारोबाची त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली. "मी फक्त पाणी प्यायलो," तो म्हणाला, "आणि तेही बायकोने पाजलं म्हणून."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय हा विनय!" अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "स्वतःच्या एवढ्या मोठ्या आजाराला किती लहान करून सांगितलं!"

दुसऱ्या दिवशी साळिंदरांच्या दारात पहाटेपासून रांग लागली. सगळ्यांना निळी गोळी हवी होती. तुकोजी रांगेपाशी जाऊन एकेकाला सांगू लागला, "अहो, पाणी प्या." प्राणी आदराने त्याच्या पाया पडले पण रांगेतली आपली जागा कोणी सोडली नाही.

तात्पर्य : बाळांनो, साधा उपाय शक्यतो करू नये. तो लागू पडला, तर भाषणात सांगायला काही उरत नाही; आणि सांगितलाच, तर लोक तुम्हाला थोर समजतात आणि तहानलेलेच राहतात.