बसून वाजवणाऱ्याचं कॉर्डलेस

माइक चालू आहे का हे बघायला सगळं जग 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतं. दिगूनाना 'भरीत, भाकरी, फुणके' म्हणत. भरीत जवळून, भाकरी जरा लांबून आणि फुणके मान वळवून. पारोळ्याच्या एका लग्नात तर आचारी झारा हातात घेऊन मांडवात आला आणि म्हणाला, "नाना, आज बासुंदी-पुरीना बेत शे. भरीत कोनी सांगं?"

"माइकला बासुंदी समजत नाही," नाना शांतपणे म्हणाले. "त्याला भ लागतो."

त्यांचं म्हणणं असं की भ आणि फ म्हणताना तोंडातून वारा सुटतो आणि हलका माइक तिथे फट्कन फुटतो. ज्या माइकने भरीत नीट पचवलं तो कुठलंही गाणं पचवतो. हे खरं होतं. नानांची अडचणच ही होती की त्यांच्या विक्षिप्तपणात दर वेळी थोडं तथ्य निघायचं, आणि मग उरलेल्या विक्षिप्तपणाला कोणी हरकत घ्यायची?

नाना जळगावातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हजेरी-कारकून होते आणि लग्नसराईत हवाईयन गिटार वाजवत. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. म्हणजे वाजवणारा बसलेला असतो, तो उठला तर गिटार खाली पडते. त्यांच्या शेजारी उभं राहून शालूअक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, गात. रिसेप्शनला दोघंच असत, तिसरा माणूस नाही. ढोलकीवालाही नाही. "तिसरा आला की भांडण तिघांत वाटावं लागतं," असं नाना म्हणत.

मग अक्कांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजल्यासारखं बोलता येई, बस. मी त्यांच्या गल्लीत शिवणक्लास चालवत असे आणि शिलाई मारताना गुणगुणत असे, एवढ्या भांडवलावर नानांनी मला अक्कांच्या जागी उभं केलं. मी फार मोठी गायिका नव्हते. सुरात असते आणि वेळेवर येते, हे दोन गुण मात्र होते, आणि लग्नाच्या धंद्यात दुसरा जास्त चालतो.

अक्का कार्यक्रमाला येईनाशा झाल्या. ज्या मंगल कार्यालयात आमची कायमची बैठक होती ते त्यांच्या घरासमोरच, मधे एक गल्ली. तरी नाही. मीही आग्रह केला नाही. मांडवात चार बायका भेटणार, 'आता का हो गात नाही' विचारणार, आणि त्या गलबल्यात कुजबुजून उत्तर कसं द्यायचं?

नानांचा जीव होता वायरींवर. कार्यक्रम संपला की ते वायरी ओल्या फडक्याने पुसत, कोपराभोवती गुंडाळत आणि पिशवीत अशा ठेवत की जणू पेढे. कार्यक्रम चालू असताना कोणी वायरीवरून पाय टाकला की त्यांची गिटार थांबे. "झोपलेल्या पोराला ओलांडतात का?" ते विचारत. एका नवरदेवाच्या मामाला त्यांनी पूर्ण वळसा घालून स्टेजवर यायला लावलं होतं. मामा गावचे सरपंच होते.

अशा या माणसाला कॉर्डलेसचं वेड लागावं, हे मला कळेना.

माझ्या माइकचं ठीक होतं. तो हट्ट कार्यालयाच्या मालकांचा, बापूशेठचा. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि धुळ्याहून कीबोर्ड वाजवणारी एक जोडी येऊ लागली होती. त्यातली मुलगी हातात बिनवायरचा माइक घेऊन गात गात थेट नवरीपर्यंत जाई. लोक वेडे झाले होते. बापूशेठनी आम्हाला बोलावून सांगितलं, "नाना, तुळशीचं लग्न लागेपर्यंत कॉर्डलेस आणा. नाहीतर या सीझनला मी धुळेवाल्यांना बसवतो. मला वाईट वाटंल, पण बसवतो."

नाना म्हणाले, "दोन आणतो. एक बाईंना, एक गिटारला."

बापूशेठ माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

त्यानंतर आम्ही जळगावातली सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी नाना माइक बघत, त्याचा आवाज पकडणारी डबी बघत, भरीत-भाकरी म्हणत आणि शेवटी मान हलवत. "बठ्ठं बेस शे, पण मन भरत नही." सगळं चांगलं आहे पण मन भरत नाही, हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या शिवणक्लासातल्या मुली गळा मोठा झालेल्या ब्लाउजबद्दल तेच म्हणायला लागल्या.

शेवटी एस.टी.ने धुळ्याला गेलो. आग्रा रोडवर एका दुकानात नाना म्हणतील तो माल होता. मालकांनी आधी चांगला सेट काढला. आवाज स्वच्छ, खरखर नाही, भरीत लोण्यासारखं गेलं. मी म्हटलं, झालं. तेवढ्यात नानांनी पिशवीतून छोटा ट्रान्झिस्टर काढला, कानाला लावला आणि त्याचा काटा फिरवत बसले.

"यात लागत नाही," ते म्हणाले.

"काका, नाहीच लागणार," मालक अभिमानाने म्हणाले. "याची लाइन वेगळी आहे. तो स्वस्तातला बघा, तो एफेमवर चालतो. कोणाच्याही रेडिओत घुसतो. म्हणून तर समजदार गिऱ्हाईक घेत नाही."

"काढा तो," नाना म्हणाले.

मग त्यांनी मला स्वस्तातला माइक धरून दुकानात उभं केलं आणि स्वतः ट्रान्झिस्टर कानाला लावून रस्त्याने चालू लागले. मी 'भरीत, भाकरी, फुणके' म्हणत राहिले. माझ्या वयाची बाई, भर दुपारी, परक्या गावात. नाना रसवंती ओलांडून गेले, सायकलच्या दुकानापाशी थांबले, तिथून हात वर करून परत आले. चेहरा उजळलेला.

"गल्लीपुरतं येतं," ते म्हणाले.

"अहो, ते येऊ नये म्हणून लोक पैसे मोजतात," मालक म्हणाले.

"आणि गिटारला कशाला?" मी विचारलं. "तुम्ही जागचे हलता का?"

"गिटारला पाहिजेच," नाना म्हणाले. तेवढंच.

मी हट्टाने चांगलाही घेतला. पसंत नाही पडलं तर परत, अशा बोलीवर दोन्ही प्रकारचे दोन-दोन सेट पिशवीत घालून आम्ही जळगावला आलो. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि नानांनी पारोळ्याला घेतलेले शेंगदाणे एकट्याने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या कार्यालयात चाचणी. बापूशेठ पहिल्या रांगेत बसले. आधी चांगला सेट, मग स्वस्तातला. स्वस्तातल्यात बाहेरून लूना गेली की फटफट येत होती आणि पंखा लावला की गुंईं. बापूशेठ उठले आणि म्हणाले, "हा दुसरा वाजवणार असाल तर मी आजच धुळ्याला फोन करतो," आणि कोठीकडे गेले.

मी नानांकडे बघितलं. त्यांची मान खाली, कांडी तारांवर. "पहिला बेस शे," ते म्हणाले, "पण मन भरत नही." आणि वाजवायला लागले.

माझं डोकं फिरलं. या माणसाला त्याच्या बायकोशिवाय कोणी समजावू शकणार नाही, असं ठरवून मी तरातरा निघाले. पायऱ्या उतरले, गल्ली ओलांडली, आणि तोंडाने चालू होतं ते चालूच होतं. बसून वाजवायचं आणि त्याला म्हणे कॉर्डलेस. भ्रमिष्ट झालाय म्हातारा. सीझन हातचा घालवणार. अक्कांनी लाडावून ठेवलंय, दुसरं काय.

अक्कांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि कान फाटेल अशी शिट्टी वाजली. अक्का गवार निवडत बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही कान दाबले आणि माझ्या हाताकडे बोट केलं.

माझ्या हातात माइक होता. चालू. आजवर वायरीच्या माइकवरच गायलेली बाई मी. माइक सोडल्याशिवाय कुठे जाता येतं, हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं.

"बंद कर आधी ते," अक्का कुजबुजल्या. मी बंद केला. शिट्टी थांबली आणि खोलीत गिटार ऐकू येऊ लागली. अक्कांच्या उजव्या हाताला एक रेडिओ होता, त्यातून. डाव्या हाताला दुसरा होता. तो आता नुसता खरखरत होता.

"लाडावून मी नाही ठेवलं," अक्का म्हणाल्या. "यांच्या आईनं ठेवलं."

मी पाटावर बसले. अक्कांनी एक शेंग मोडली आणि शिरा काढली. "पहाटे उठून मांडलेत दोन्ही. म्हणाले, एका रेडिओत एकच येतं. यात मंदाबाई, त्यात मी. तू मधे बस."

"म्हणजे तुम्हाला ऐकायला मिळावं म्हणून…"

"मला कुठे ऐकायचंय, मंदा? तीस वर्षं ऐकलं." त्यांनी गवार टोपलीत टाकली. "यांना ऐकवायचंय. मी शेजारी उभी असायची, तेव्हा चुकलं की चिमटा काढायची. आता घरी येतात, चहा पितात आणि विचारतात, कसं झालं? मी म्हणते, मला काय माहीत, मी नव्हते. मग बसतात तसेच. लोक टाळ्या वाजवतात ना, त्याचा यांना काय उपयोग? लोकांना चुकलेलं कळत नाही."

रेडिओतून गिटार येत होती. नाना एक जागा पुन्हा पुन्हा घेत होते. अक्का हात थांबवून ऐकत होत्या. "पुन्हा सुराच्या वर चढले," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी परत गेले तेव्हा नाना तसेच बसलेले होते. स्पीकर त्यांच्या डोक्यावरच होता, म्हणजे मी गल्लीत काय बोलले ते अक्षर न् अक्षर पोचलं होतं.

"भ्रमिष्टातला भ फुटला नाही," ते म्हणाले. "माइक इतका वाईट नाही."

माफीबिफी मागण्यात मी वेळ घालवला नाही. मी शिवणकाम करणारी बाई, कापड कमी पडलं तर जोड कुठे द्यायचा हे मला कळतं. म्हटलं, "लोकांसाठी चांगल्यातला माझा एक माइक घेऊ. गिटार वायरीवरच राहू दे. आणि स्वस्तातला एक चालू करून स्पीकरसमोर खुर्चीवर ठेवून द्यायचा. तो हॉलच्या मशीनला जोडायचाच नाही. मग तुम्ही आणि मी एकाच रेडिओत जाऊ."

नानांनी गिटार मांडीवरून उतरवून ठेवली. मग उठले, कोपऱ्यातली एक खुर्ची आणून त्यांनी स्पीकरसमोर ठेवली आणि बैठकीवरची धूळ हाताने पुसली.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलं रिसेप्शन आलं. बापूशेठ दाराशी उभे होते, हाताची घडी घालून. मी चांगला माइक घेऊन गात गात खाली उतरले, नवरीपर्यंत गेले, तिच्या आजीलाही दोन ओळी ऐकवल्या. बापूशेठची घडी सुटली. स्पीकरसमोरच्या खुर्चीत माइक आडवा पडलेला होता. वऱ्हाडातल्या एका काकांनी तो उचलून बसायचा प्रयत्न केला, तर नाना वाजवता वाजवता म्हणाले, "तिथे माणूस येणार आहे." काका उठले.

तिसऱ्या गाण्याच्या मधल्या वाजवण्यात नाना वर चढले. अगदी थोडं. हॉलमध्ये कोणाला कळलं नाही, मलाही नसतं कळलं. पण स्टेजच्या बाजूच्या खिडकीतून गल्लीपलीकडचं स्वयंपाकघर दिसतं. तिथला दिवा गेला आणि लगेच आला.

नानांनी तिकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले. कांडी मागे नेऊन त्यांनी तीच जागा पुन्हा घेतली, या वेळी बरोबर, आणि मान खाली घालून हसत राहिले. इतक्या वर्षांत हा माणूस स्टेजवर हसताना मी पाहिला नव्हता.

बापूशेठ नंतर म्हणाले, गल्लीतल्या वायरिंगचं कोणीतरी बघायला पाहिजे. तो दिवा त्या संध्याकाळी आणखी दोनदा गेला. त्यातला एक माझ्यासाठी होता.