रुसलेल्या माशीची पंगत

माशीचा स्वभाव तिच्याकडं नुसतं बघून सांगणारा बीड जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो मी! हसू नका. पिकल्या केळ्यावर घोंगावणारं बारकं चिलट असतं ना, त्यावरच माझा एम.एस्सी.चा प्रकल्प होता. चिलटांतही काही गर्दीवेडी असतात, काही एकलकोंडी. हा गुण रक्तातून पुढं जातो, हे मला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी बारा पिढ्या मी गर्दीवाल्यांची गर्दीवाल्यांशी आणि एकलकोंड्यांची एकलकोंड्यांशी सोयरीक लावली. (एकलकोंड्यांची सोयरीक जमवणं काय असतं, ते एखाद्या वधू-वर मंडळाला विचारा!)

लाल दोऱ्याच्या बाटलीत चाळीस गर्दीवाल्या, निळ्या दोऱ्याच्या बाटलीत चाळीस एकलकोंड्या. उद्या अकराला बाहेरचे परीक्षक येणार, माश्या दाखवल्या की पदवी! कॉलेजात लाईटीचा भरवसा नाही, म्हणून मी दोन्ही बाटल्या तलवाड्याला घरी आणल्या.

घरी माझी माय, मनकर्णाबाई. गावात कुणाच्याही लग्नात कुणी रुसून पंगतीला बसेना, की हिला बोलावणं येतं. टोपीच्या मानावरून फुगलेला माणूस ती अर्ध्या तासात बुंदीपुढं आणून बसवते. माझे चुलते शहादेव तर एकदा थेट विहिरीवर जाऊन बसले होते. त्यांनाही आणलं!

मायनं निळी बाटली निरखली.

"बजरंगा, ह्या कावून अशा तोंडं फिरवून बसल्यात रे?"

"त्यांचा स्वभावच हाय तो, माय. रक्तात हाय."

"रक्ताबिक्तात काय नसतंय. कुणी बोलावलं नसंल त्यान्ला."

मी हसलो आणि दाढी करायला गेलो.

परत येतो तर दोन्ही बाटल्या धुऊन पालथ्या! लोणच्याच्या काचेच्या बरणीत केळ्याची फोड, आणि तिच्यावर माश्यांची ही झुंबड! बरणीच्या तोंडाला मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा.

"माय! काय केलंस हे!"

"पंगत बसवली. बग, कशा मिळून जेवायल्यात!"

"आता कोणती कुठली, कसं ओळखू?"

"वळखायचं कशाला? एकाच घरच्या की समद्या!"

आबा, म्हणजे माझे वडील, बरणीपुढं उकिडवे बसले. "तू तर म्हणत हुतास, नुसतं बघून सांगतो. सांग की मंग!"

मी बघितलं. सगळ्यांचे डोळे लाल, सगळ्यांची तोंडं केळ्यात. बारा पिढ्यांचं रक्त एका फोडीवर फितूर झालं होतं!

तेवढ्यात आबा ओरडले, "ती बघ बे! ती न्हाई बसली पंगतीला!"

खरंच! बरणीच्या तळाशी, एका कडेला, केळ्याकडं पाठ करून एक माशी बसली होती.

"शहादेववर गेलीया," आबा म्हणाले.

मायनं उलथन्याच्या टोकानं फोड तिच्याजवळ सरकवली. गोंजारलं, "ये गं बाई, दोन घास खा." ढिम्म! आयुष्यात पहिल्यांदा माय हरली, आणि मी अंगणात उड्या मारल्या. एक का होईना, अस्सल वाण वाचलं होतं! ब्रशनं अलगद उचलून मी तिला निळ्या बाटलीत ठेवलं, नवरीला पालखीत बसवावं तसं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी निळी बाटली उजेडात धरली.

"चाळीस होत्या ना? ही एकच?"

"एकच सर, पण खानदानी!" मी सुरू झालो. "समोर एकोणऐंशी जणी जेवतायत, वास येतोय, आग्रह होतोय, तरी ही बधली नाही! रात्रभर जागची हलली नाही! याला म्हणतात रक्त!"

दहा मिनिटं मी बोललो. स्वतःच्याच भाषणानं माझे डोळे पाणावले. परीक्षकांनी भिंग लावलं, ब्रशनं माशीला हळूच उलटं केलं आणि भिंग खाली ठेवलं.

"बजरंग, ही मेलेली आहे. बहुतेक कालच."

पदवी सहा महिने पुढं गेली. घरी येऊन तोंड पाडून सगळं सांगितलं. मायचा चेहरा मात्र एकदम उजळला.

"म्हंजी रुसली न्हवती ना ती? मंग झालं तर! मी म्हनलंच, माझ्या हातून कुणी उपाशी राहिलंच कसं!"