आरामखुर्चीचे राज्यात रिमोट कायम जाहला ते वर्तमान

श्री. ज्याचे कान सुपाएवढे, म्हणोन कोणाचेही गाणे ज्यास लहान वाटत नाही, त्या गजाननास नमन करून हकीकत सांगितली जाते. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, कार्तिक मास, दिवाळीच्या चिवड्यात शेंगदाणे तेवढे उरलेले, ते समयीं दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या मुलुखावर दिगंबरपंत राज्य करीत होते. राज्याचे नाव लिहीत नाही, दारावरील पाटीची अक्षरे उडाली आहेत आणि टपालवालादेखील अंदाजानेच येतो. पंत पूर्वी शाळेत भूगोल शिकवीत, पुढे गुडघ्यांनी बंड केले, मग खिडकीजवळील आरामखुर्ची हेच तख्त जाहले आणि तेथूनच चहा, वर्तमानपत्र व डासांची बॅट हा सर्व कारभार चालो लागला.

राज्याचा खजिना म्हणाल तर गाणी. ती मिळविली कैसी, तेही ऐकावे. पूर्वी रविवारी दुपारी रेडिओवर गाणी लागत, तेव्हा पंत टेपरेकॉर्डर रेडिओचे तोंडासमोर मांडीत, बटणावर बोट ठेवून बसत आणि फर्मान सोडीत की, “आता घरात कुणी ब्रसुद्धा काढायचा नाही!” मग अवघे राज्य श्वास धरून बसे, आणि नेमकी कुकरची शिट्टी होई, आणि खाली भंगारवाला ओरडे, तरी तेही सोसले जाई. परंतु गाणे संपले न संपले तोच पट्टराणी कुमुदिनीबाई स्वयंपाकघराचे दारातून मोठ्याने म्हणत, “झालं हो, दाबा!” आणि पंतांनी बटण दाबावे तोवर ते बोलणे टेपेत जाऊन बसलेले असे. पंत कपाळास हात लावीत, “अगं, दाबेपर्यंत तरी थांबत जा की! नासलं ना गाणं!” आणि बाई पदरास हात पुसत उत्तर देत, “मग तुम्ही लवकर दाबायचं.” हे भांडण रविवारचे रविवार जाहले, वर्षेच्या वर्षे जाहले, आणि कॅसेटींचे कपाट भरले, आणि एका गाण्यासही ती शेपटी चुकली नाही. पुढे पेन्शनीत पंतांनी तारा जोडून एकेक कॅसेट कॉम्प्युटरात उतरविली, आणि ते काम पुरे होते न होते तोच बाई कैलासवासी जाहल्या. राज्यात आवाज म्हणोन राहिला तो फ्रिजचा.

तेव्हापासून पंतांची रीत ऐसी की एक गाणे लावावे, खुर्चीत येऊन डोळे मिटावे, संपले म्हणजे भिंत धरून उठावे आणि दुसरे लावावे. ऐसे करिता दिवाळी सरते समयीं पाय सतरंजीत अडकोन स्वारी पडली, कोपर सोलले, आणि खालच्या मजल्याच्या धारपांनी ही बातमी बंगळुरास कन्या वैजयंती हिजकडे पोहोचविली. कन्या तेथे कॉम्प्युटरांचेच चाकरीस. बातमी कळताच ती विमानाने दाखल जाहली, बॅग दारातच टाकली आणि बोलती जाहली, “अप्पा, दोनच गोष्टी. एक तर गाण्यासाठी खुर्चीतून उठायचं नाही, नाही तर गुपचूप माझ्याकडे राहायला चलायचं.” पंतांस राज्य सोडणे प्राणावर येत होते, सबब म्हणाले, “नाही उठत बाई. पण मग गाणी काय, हाका मारून लावू?”

मग मसलत ठरली की फोनाचा रिमोट करावा, पंतांनी खुर्चीतून बोट दाबावे आणि कोपऱ्यात कॉम्प्युटराने ऐकावे. कन्येने एक अॅप कॉम्प्युटरात बसविले, त्याचे भावंड फोनात बसविले, आणि पंतांनी बोट दाबले, तो काहीच नाही. चौकशीअंती निघाले की फोन धारपांचे वायफायवर होता. मागे आपले बंद पडले असता त्यांनी दिले, ते तैसेच राहिले, म्हणजे खात होता आमचे आणि चाकरी खालच्या राज्याची करीत होता! त्यास आपले वायफायवर आणिला, तो कॉम्प्युटराचे दारात फायरवॉल नामे पहारेकरी आडवा जाहला, कोण कोठले म्हणोन आत घेईना. त्याची समजूत घातली, परवलीचा आकडा दिला, मग वाट मोकळी जाहली. आता पंतांनी ‘थांब’चे बटण दाबले, तो गाणे थांबेना आणि कॉम्प्युटराचे पडद्यावर दुसऱ्या खिडकीत व्हिडिओतील एक बाई भरली वांगी शिकवो लागली! “ही कोण?” म्हणोन पंत दचकले, आणि बापलेक पोट धरधरून हसली, जे त्या घरात पुष्कळ दिवसांत घडले नव्हते. मग कन्येने ठरवून दिले की रिमोटाचा हुकूम गाण्याच्याच अॅपास जावा, इतरांनी मध्ये तोंड घालू नये. इतके जाहल्यावर तिला हुरूप आला आणि आणखी एक केले. “शेवटी नुसती खरखर असते ना, ती रिमोटवर लावलं की आपोआप कापली जाईल. एक गाणं संपायच्या आतच दुसरं सुरू होईल, तुम्हाला काही बघायलाच नको.”

पंतांनी डोळे मिटले. गाणे संपत आले, त्यांनी सवयीने मान थोडी स्वयंपाकघराकडे केली, आणि दुसरे गाणे आले. पुन्हा मान केली, आणि तिसरे आले. कन्या उत्साहाने विचारो लागली, “कसं वाटतंय?” पंत म्हणाले, “छान आहे हो,” आणि रात्री जेवताना पानावरची एक पोळी तैसीच ठेवून उठले. पोरीने जिवाचे रान केलेले, तिला काय सांगावे, आणि कोणत्या तोंडाने?

दुसरे दिवशी कन्या मंडईत जाऊन आली, तो तख्त मोकळे, फोन गादीवर पडलेला, आणि पंत पूर्वीचे रीतीने आपले हाताने गाणे लावून भिंत धरून कॉम्प्युटरापाशी उभे. तिचा पारा चढला. “अप्पा! काय ठरलं होतं आपलं? भरतेच मी तुमची बॅग!” पंत वळलेही नाहीत. म्हणाले, “भर. पण आधी हे ऐक.” गाणे शेवटास आले होते, तंबोरा विरला, खरखर जाहली, आणि कोपऱ्यातून लख्ख आवाज आला, “झालं हो, दाबा!”

कन्येचे हातात मेथीची जुडी होती, ती तैसीच राहिली. “आई...” इतकेच तिच्याने बोलवले. पंत म्हणाले, “गाणी मला पाठ आहेत गं, ती कोण ऐकतंय? मी शेवटाची वाट बघतो. तुझ्या रिमोटात ती यायच्या आधीच पुढचं सुरू होतं. जन्मभर मी तिला गप्प बसवत होतो, ते या यंत्रानं एका दिवसात केलं बघ.” आणि कन्या ओट्याशी जाऊन नळ सोडून तोंड धुवो लागली, आणि पुष्कळ वेळ धूत राहिली.

मग ती बैठक मारून बसली आणि आदले दिवशीचे पुष्कळसे उलटे केले. शेपटी कापणे बंद केले, एकामागे एक गाणे लागणे बंद केले, प्रत्येक गाणे संपले म्हणजे तेथेच थांबावे ऐसा बंदोबस्त केला, फोनावरील बारीकसारीक बटणे काढली आणि एकच ठेविले, अंगठ्याखाली मावेल एवढे मोठे, आणि त्यावर अक्षरे घातली, ‘दाबा’. फोन पंतांचे हाती दिला आणि आपण मेथी निवडावयास बसली. गाणे लागले, रंगले, संपले, आणि कोपऱ्यातून हुकूम आला, “झालं हो, दाबा!” पंत खुर्चीतूनच म्हणाले, “दाबतो गं, दाबतो. घाई काय आहे?” आणि अंगठा बटणावर ठेवून बराच वेळ तैसेच बसोन राहिले.

येणेप्रमाणे रिमोट कायम जाहला, बॅग रिकामीच माळ्यावर गेली, आणि पंत आपले तख्तावर सुखरूप आहेत. राज्यात हुकूम कोणाचा चालतो म्हणोन कोणी पुसेल, तर पूर्वी चालत होता त्या पट्टराणींचाच.