मुलाखत क्रमांक सत्तावीस

ते व्याख्यान मे महिन्यात झालं की जूनमध्ये, हे प्राध्यापक आन्सेल्मो बोर्दागाराय यांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. बायको नेलिदा पहिल्या रांगेत होती की तिसऱ्या, इथेही घोळ आहे. ती हसली, एवढं मात्र पक्कं. (तसं त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. आता घाबरलेल्या माणसाच्या वहीवर कितपत विसंबावं, हा प्रश्न ते स्वतःच विद्यार्थ्यांना घालत.)

विषय होता 'विवाह, जवळीक आणि घरकामाची वाटणी'. मॉन्तेविदेओतल्या एकशेचाळीस घरांत जाऊन त्यांच्या विद्यार्थ्यांनी बायकांना बोलतं केलं होतं. व्याख्यान फारच कोरडं होणार, या धास्तीनं आन्सेल्मोंनी ऐन वेळी एक छोटासा निर्णय घेतला. एक मुलाखत जशीच्या तशी वाचून दाखवायची. गठ्ठ्यात हात घातला, क्रमांक सत्तावीस निघाला. आधी नजर टाकायला सवड नव्हती.

"'माझा नवरा स्वयंपाक करतो तर!'" त्यांनी बायकी आवाजात सुरुवात केली. "'दर रविवारी अंगणात मांस भाजतो. मांस शनिवारी मी आणते. लाकडं मी रचते. सॅलड, पाव, बशा, सगळं मी मांडते. मग तो येतो आणि विस्तवाकडे बघत उभा राहतो. जेवणं झाली की कुणीतरी ओरडतं, भाजणाऱ्यासाठी टाळ्या! की वाजल्याच टाळ्या. सोमवारी जाळी मी घासते.'"

सभागृह खो खो हसलं. आन्सेल्मोंना चेव चढला.

"'शिकलेला आहे हो. समानतेवर फार छान बोलतो. बोलता बोलता मीठ कुठंय विचारतो. सव्वीस वर्षं झाली, मीठ तिथंच आहे.'"

'सव्वीस'वर त्यांची जीभ अडखळली. त्यांच्या लग्नालाही सव्वीसच झाली होती. मान वर केली, तर नेलिदा डोळे पुसत हसत होती.

एका प्रश्नात सोक्षमोक्ष लागला असता. पण कोण काय बोललं ते प्रकल्पप्रमुखानंसुद्धा विचारायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच लिहिला होता. (आणि खाली दोनदा रेघ मारली होती.) परतताना बसमध्ये त्यांनी आडवळणानं विचारून पाहिलं.

"नेलिदा, माझ्याबद्दल तुझी काही तक्रार?"

"कोणत्या विषयात, म्हाताऱ्या?"

"सर्वसाधारण."

"सर्वसाधारण नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

म्हणजे तपशीलवार आहे! सव्वीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईनं मनातलं बोलायला अनोळखी पोरगी निवडावी? शेवटी त्यांनी ठरवलं, या रविवारी अवाक्षर न काढता सगळं आपण करायचं.

शनिवारी ते पिरीस खाटकाकडे गेले.

"किती माणसं?"

"नेहमीची."

"कोणता भाग देऊ?"

"नेहमीचा."

पिरीसनं सुरी खाली ठेवली. "प्रोफेसर, खरं सांगा. बाईंना बरं नाही का?"

"छे, छे! मी आपला सहज आलो."

"सहज?" पिरीसचा आवाज एकदम उतरला. "कुठल्या इस्पितळात ठेवलंय?"

भाजीवालीनं तर काही न विचारता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन टोमॅटो जास्त घातले.

रविवारी दुपारी नेलिदाची धाकटी बहीण ओफेलिया कोंबडीच्या सूपचं पातेलं घेऊन हजर झाली. मागे चार शेजारणी. अंगणात पाहतात तो नेलिदा खुर्चीत बसलेली (नवऱ्यानं जवळजवळ ढकलूनच बसवलं होतं) आणि आन्सेल्मो फुलाफुलांचा एप्रन बांधून लेट्यूसचं एकेक पान पुस्तकाच्या पानासारखं धूत होते. ओफेलियाला हुंदका आवरेना.

"कधीपासून आहे गं हे?"

"काय कधीपासून?"

"लपवू नकोस माझ्यापासून! भावोजी पानं धुतायत!"

"अगं, मी ठणठणीत आहे."

"किती मुदत दिलीय डॉक्टरांनी?"

इकडे आन्सेल्मोंच्या डोक्यात सोमवारची जाळी घोळत होती. ती आजच घासून टाकावी म्हणून त्यांनी साबणाच्या पाण्याची अख्खी बादली जाळीवर ओतली. विस्तव धगधगत होता. अर्धं मांस अजून त्यावरच होतं. वाफेचा आणि राखेचा असा लोट उठला की अंगण, शेजारणी आणि दोरीवरच्या चादरी एका रंगाच्या झाल्या. सगळे मुकाट्यानं ओफेलियाचं सूप प्यायले. नेलिदा उठली, तिनं अंगण झाडलं, चादरी पुन्हा भिजवल्या, जाळी घासली.

"पण धडपडले बिचारे!" ओफेलिया नाक पुसत म्हणाली. "बायकोसाठी इतकं कोण करतं? भावोजींसाठी टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. नेलिदानंही वाजवल्या. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. आन्सेल्मोंना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

त्यानंतर दर सोमवारी जाळी तेच घासू लागले. आनंदानं नव्हे, शरमेनं. विचारायचं मात्र कधीच धाडस झालं नाही. आपल्याला ती आरपार ओळखते आणि ते आपल्याला सोडून इतरांना सांगते, ही बोच तिच्या अखेरच्या दिवसापर्यंत त्यांनी एकट्यानं बाळगली.

त्या व्याख्यानानंतर एकोणीस वर्षांनी विभागाची जागा बदलली आणि जुनी खोकी उघडावी लागली. त्या एकशेचाळीस घरांत त्यांचं घर नव्हतंच. ते सापडलं मुलाखत नाकारणाऱ्यांच्या यादीत. अशा घरी पुन्हा जाऊ नये म्हणून पत्ता, तारीख आणि कारण टिपून ठेवत. पत्ता त्यांचाच होता, तारीख व्याख्यानाच्या आधीच्या हिवाळ्यातली, आणि कारणाच्या रकान्यात कुणा विद्यार्थिनीच्या गोल अक्षरात नेलिदाचे शब्द होते: "हळू बोल, पोरी. माझा नवरा आत घरकामाच्या वाटणीवर लिहीत बसलाय, आणि त्याचं जेवण गॅसवर आहे."